चालता-बोलता गेलेले

अनसिंग, ५ जुलै २०२५

चि. त्रिशला,

जय जिनेंद्र.

तुझं पत्र सहा वर्षांनी आलं आणि तेही अट घालून. "फोन करू नका, बाबूजी. फोनवर तुम्ही जिंकता. लिहा." मला राग आला. तुझ्या आईला वाचून दाखवलं तर ती मूग निवडता निवडता म्हणाली, "खरंच तं लिवलं पोरीनं." म्हणून लिहितो आहे.

तुझ्या प्रयोगशाळेचा थर्माकोलचा डबा मिळाला. रिकाम्या नळ्या, कागद, सूचना, सगळं ठीक आहे. पण त्याखाली तू आपल्या घराची जी वंशावळ काढून ठेवली होतीस, ती मी दोन दिवस उघडून वाचूच शकलो नाही. माझे वडील: एक्केचाळीसाव्या वर्षी, दुकानात तूर मोजताना. माझा धाकटा भाऊ: एकोणतिसाव्या वर्षी, मंदिराच्या पायरीवर चप्पल काढताना. तुझा भाऊ श्रेयांस: चौतिसाव्या वर्षी. तिघांच्या नावाला तू काळा चौकोन केला आहेस आणि खाली लिहिलं आहेस, हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आजार, आनुवंशिक, संशय.

मुली, हीच नावं, एकामागून एक जोडत, मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून उच्चारत आलो आहे. आमच्या घराण्यात खाट धरून कुणी मरत नाही, माणसं चालता-बोलता जातात, हे सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. अनसिंगपासून मानोऱ्यापर्यंत कुणाचीही शोकसभा असो, इंदरचंद मास्तर बोलल्याशिवाय लोक घरी जात नाहीत. का? कारण मेलेल्या माणसाला मी परत उभं करतो. आणि तू त्याच्या कपाळावर चौकोन मारतेस.

श्रेयांसच्या बाबतीत पुन्हा सांगतो. आठ उपवास पूर्ण झाले होते. अठाई काही लहान तप नाही. दिवसा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. आदल्या दिवशी बँड लावून मिरवणूक निघाली, तो पायी चालला. सकाळी पारण्याच्या पाटावर बसला. मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा बहिणीचा, म्हणून तो तुझ्या हातात होता, आणि तुझ्याकडे बघत बघतच तो कलंडला. त्याआधी त्याला कसलाही त्रास नव्हता. असता तर बापाला सांगितलं असतं.

शोकसभेत मी बोलत असताना तू उठलीस आणि म्हणालीस की तो आजारी होता, शवविच्छेदन करू दिलं असतं तर कळलं असतं. मी माईकवरून तुला 'खाली बस' म्हणालो. तू बसली नाहीस, गेलीस. त्या भाषणाची पुस्तिका निघाली, 'चालता-बोलता' नावाची. तीन आवृत्त्या संपल्या. दरवर्षी पर्युषण संपलं की मी तुला क्षमापनेचं छापील कार्ड पाठवत आलो, 'जाणते-अजाणतेपणी मन दुखावलं असल्यास क्षमा असावी'. तुझं एकही उत्तर नाही.

तुझं शास्त्र मी समजून घेतलं आहे. पेशीच्या आत मायक्रोआरएनए नावाचे बारीक तुकडे असतात. कुठलं प्रथिन किती बनू द्यायचं यावर त्यांचा अंकुश असतो. हृदयाच्या स्नायूवर ताण आला की त्यातले काही तुकडे रक्तात वाढतात, कधीकधी यंत्राच्या पडद्यावर काही दिसायच्या आधीच. ही तपासणी अजून दवाखान्यात वापरत नाहीत, अभ्यासात आहे, हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस ते आवडलं. म्हणजे हृदय आतून चिठ्ठ्या टाकत असतं आणि तू त्या वाचतेस. छान आहे. भाषणात वापरण्यासारखं आहे.

पण तू रक्त मागतेस माझं आणि टीनाचं. श्रेयांसची ही एवढीच खूण या घरात आहे. पंधरा वर्षांची झाली. यंदा वडिलांसारखी अठाई करायची म्हणते, आणि मी अभिमानानं हो म्हटलं आहे.

तरी नमुने पाठवीन. लस घ्या म्हणून मानोऱ्याकडच्या तांड्या-तांड्यांत ओरडत फिरलेला माणूस आहे मी. तिथल्या रामीबाईनं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मास्तर, तुमच्या घरच्या लेकराले टोचली का?" मी छाती पुढे काढून म्हटलं होतं, सगळ्यांत आधी.

तुझा,
बाबूजी

अनसिंग, २२ जुलै २०२५

चि. त्रिशला,

काम झालं. काल मी टीनाला घेऊन एसटीनं वाशीमला गेलो. संमतीच्या कागदावर वैजयंतीनं आई म्हणून सही केली. शाळेतून सुट्टी मिळाली नाही म्हणून ती आली नाही. माझा जुना विद्यार्थी मोहनसिंग रक्त तपासणीचं दुकान चालवतो, त्याच्याकडे गेलो. तू सांगितल्याप्रमाणे त्यानं तासाभरात नळ्या यंत्रात फिरवल्या, वरचं पिवळं पाणी वेगळं, खालचं लाल वेगळं काढलं आणि सगळं बर्फात घालून पुण्याच्या गाडीवर चढवलं. एका नळीवर माझं नाव, एकीवर टीनाचं.

टीना अजिबात घाबरली नाही. सुई जाताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. कॅलेंडरवर बैलजोडीचं चित्र होतं. नंतर तिला उसाचा रस पाजला.

तू छातीची सोनोग्राफी, तो इको, आधी करा म्हणून तीनदा लिहिलंस. करू. तिची घटक चाचणी होऊ दे. घाई कशाला? पोरगी ठणठणीत आहे. मागच्या आठवड्यात जिन्यात बसली होती ती फक्त दम खायला. दप्तर जड असतं आजकाल.

निकाल चांगलाच येईल. आला की मात्र तो चौकोनांचा कागद फाडून टाक, एवढं माझं ऐक.

बाबूजी

अनसिंग, १६ ऑगस्ट २०२५

त्रिशला,

पोस्टाला वेळ नाही. हे पान लिहून त्याचा फोटो मोबाइलवर पाठवतो आहे.

तुझा निरोप काल संध्याकाळी वाचला. "दोन नळ्या आल्या, बाबूजी. माणूस एकच आला."

चाळीस वर्षांत मला कुणी इतक्या कमी शब्दांत गप्प केलं नव्हतं.

हो. दोन्ही नळ्यांत माझंच रक्त आहे. टीना बाहेर रसवंतीवर बसली होती. मी तिला सांगितलं, माझी साखर तपासून येतो. मी दोनदा हात पुढे केला. मोहनसिंगनं विचारलं, "सर, या दुसरीवर नाव कोनाचं टाकू?" मी म्हटलं, टीनाचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं बरोबरच असन." आणि लिहिलं. त्याला दोष देऊ नकोस. नववीत त्याला मीच शिकवलं होतं की गुरुजी खोटं बोलत नसतात. ते कॅलेंडर खरं आहे. बैलजोडी मी पाहत होतो.

का केलं? मी स्वतःला सांगितलं की अडुसष्ट वर्षं चालतं आहे ते हृदय चांगलंच असणार. माझा स्वच्छ निकाल पोरीच्या नावावर लागेल, सगळे सुटतील, ती निर्धास्त उपवास करील. असं सुंदर कारण होतं. आता कारणाखालचं लिहितो. मला भीती वाटली. तुझी ती नळी माझ्या पुस्तिकेपेक्षा मोठी आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्यात पोरीचं रक्त गेलं आणि तू म्हणतेस ते निघालं, तर मी चाळीस वर्षं घरच्याच माणसांच्या मरणावर टाळ्या घेतल्या, एवढंच उरतं.

आणि निघालं ते माझ्यातच. तू लिहितेस, ते तुकडे माझ्या रक्तात वाढलेले आहेत, आणि जनुकातला दोषही माझ्यात सापडला. काहींमध्ये तो आयुष्यभर फारसा बोलत नाही आणि पुढच्या पिढीत उठतो. श्रेयांसला माझ्याकडून गेला असणार. टीनाला गेला असण्याची शक्यता निम्मी. निम्मी. हा शब्द मी रात्रभर चघळतो आहे, त्याला कुठल्याही बाजूनं धार नाही आणि तो कापतोच.

तू स्वतःबद्दल काही लिहिलं नाहीस. तू माझीच मुलगी आहेस. तुझ्या अभ्यासातली पहिली नळी तुझीच असणार. तिचं काय झालं? एक ओळ लिही.

अजून एक लपवलं आहे. काल झेंडावंदनाला टीना शाळेच्या मैदानावर पडली. राष्ट्रगीत संपलं आणि ती खाली बसली नाही, पडली. डोळे उघडे होते. मुख्याध्यापक म्हणाले ऊन आहे. मीही म्हणालो ऊन आहे, आणि वर पाहिलं. आभाळ भरलेलं होतं.

वैजयंतीला म्हटलं, पोरीनं सकाळी काही खाल्लं नव्हतं. त्यावर टीना हसली. "दादाजी, मंग आठ दिवसाची प्रॅक्टिसच झाली नं." तेव्हापासून ती जिना चढते तेव्हा मी पायऱ्या मोजतो. अठरा आहेत. ती अकराव्या पायरीवर थांबते. आधी थांबत होती का? मला आठवत नाही. रात्री ती झोपल्यावर मी दारात उभा राहून पांघरूण हलतं का पाहत राहिलो. तुझ्या आईनं विचारलं, काहून उभे? मी म्हटलं, डास आहेत.

पाच दिवसांत पर्युषण लागतं. पहिल्या दिवशी साध्वीजींच्या समोर ती आठ उपवासांचा नियम, म्हणजे पच्चक्खाण, घेणार. अन्नपाणी कमी पडलं की अशा हृदयाचं काय होतं ते तू दोन ओळींत लिहिलं आहेस. त्या दोन ओळी मी वाचतो आणि मला पारण्याचा पाट दिसतो, फक्त त्यावर श्रेयांस नसतो.

तू मुदत दिलीस: सोमवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी वहिनीला फोन करते. करू नकोस. मी सांगतो. मलाच सांगू दे.

बाबूजी

अनसिंग, २१ ऑगस्ट २०२५

त्रिशला,

तुझी नळी स्वच्छ निघाली हे वाचून तुझी आई देवघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रविवारी दुपारी मी तुझ्या आईला आणि वैजयंतीला समोर बसवून सगळं सांगितलं. वैजयंती ओरडेल असं वाटलं होतं. ती उठली, फळीवरून पुस्तिका काढली, माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "बाबूजी, वाचा. मोठ्यानं वाचा." मी पहिलं वाक्य वाचलं. दुसरं मला वाचता आलं नाही. ती म्हणाली, "मी सहा वर्सं हेच वाचून झोपून राह्यली." तुझी आई इतकंच बोलली, "नवऱ्याचं भाषन आइकाची सवय लागली, पोराचं आइकाचं राहून गेलं." बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

सगळ्यांत कठीण टीना. तिला वडील आठवतात ते माझ्या वाक्यांमधून. ती नऊ वर्षांची होती. मी आजार हा शब्द उच्चारला तशी ती ताडकन उठली.

"पप्पाचं पुन्य होतं ते. तुमीच लिवलं. आता तुमीच आजार म्हनता?"

मी समजावू लागलो. ती म्हणाली, तुम्ही कोणत्याही बाजूनं बोलू शकता, शाळेत सगळ्यांना माहीत आहे. ती उपवास करणारच. इको करायला येणार नाही, रक्तही देणार नाही. वैजयंती रडली, तिनं दटावलं, जेवण सोडलं. पोरीला माझी जिद्द आली आहे. नको तिथलं सगळं माझंच आलं आहे तिला.

तीन दिवस असे गेले. ती घरात फिरायची आणि मी आवाज ऐकायचो: भांडं पडलं, की ती पडली?

आज सकाळी उपाश्रय भरला होता. साध्वीजींनी विचारलं, अठाईचं पच्चक्खाण कोण घेणार. टीना उभी राहिली. लोक कौतुकानं माझ्याकडे वळले. श्रेयांसची मुलगी, इंदरचंदांची नात. मी उभा राहिलो तसा कुणीतरी माईक हातात दिला. पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावायची तयारीही केली.

मला बोलता आलं नाही. तोंड उघडं होतं. त्या सभागृहात मी सहा वर्षांपूर्वी तुला 'खाली बस' म्हणालो होतो, ती जागा मला दिसत होती. शेवटी जे बोललो ते सगळं इथे लिहितो, लांब नाही. मी म्हणालो, माझा मुलगा आजारानं गेला. माझ्या वडलांनाही तोच असावा, भावालाही. तो आजार माझ्या रक्तात सापडला आहे. पुस्तिकेत मी लिहिलं ते मला माहीत नव्हतं, तरी मी ते माहीत असल्यासारखं लिहिलं. माझी मुलगी त्या दिवशी खरं बोलत होती. या पोरीला थांबवा, मला थांबवता येत नाही.

कुणीतरी खोकलं.

साध्वीजी टीनाला जवळ बोलावून हळू बोलल्या. मला ऐकू आलं ते असं की तप शक्तीप्रमाणे करायचं असतं; ज्याला वैद्यानं थांबवलं त्यानं थांबणं हाही संयमच, आणि तो उपवासापेक्षा अवघड. पच्चक्खाण त्यांनी दिलं नाही. टीना त्यांच्या पायाशी बसून रडली. मग उठून माझ्याजवळ आली.

"दादाजी, तुमी भेले का?"

मी हो म्हटलं.

"किती?"

मी म्हटलं, तू जिना चढतेस तेव्हा पायऱ्या मोजण्याइतका.

तिनं डोळे पुसले. "मंग पयलेच सांगाचं नं," म्हणाली. "पप्पा गेले तवा तुमी रडले पन नाही. मले वाटे, भ्याचं नसतेच."

तिथूनच ऑटो करून वाशीमला गेलो, वैजयंतीही सोबत. मोहनसिंगनं टीनाचं रक्त काढलं, नळी पुढ्यात ठेवली आणि पेन माझ्या हातापासून लांब सरकवलं. "सर, या टायमाले नाव ना मी लिवत, ना तुमी." टीनानं पेन घेतलं. पूर्ण नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट.

डबा आज निघाला आहे. आत माणूस खरा आहे. सांभाळून उघड.

बाबूजी

अनसिंग, २९ ऑगस्ट २०२५

चि. त्रिशला,

काल पर्युषण संपलं, संवत्सरी झाली. आज सगळं गाव एकमेकांना हात जोडत फिरतं आहे.

तुला नळीतून दिसायच्या आधी अकोल्याच्या डॉक्टरांना टीनाच्या इकोत पडद्यावर दिसलं. हृदयाच्या कप्प्यांमधला पडदा जाड झाला आहे. ते म्हणाले, अजून वेळेत आला आहात. गोळ्या सुरू झाल्या. पळायचं नाही, उपाशी राहायचं नाही, पाणी पीत राहायचं. पुढच्या तपासण्या पुण्याला, तुझ्याकडे. वैजयंतीनं तिकिटं काढली आहेत. तू स्टेशनवर येशील असं टीना गृहीत धरून आहे.

भीती गेली नाही. 'वेळेत' या शब्दाला मी धरून बसलो आहे आणि तो किती वजन पेलेल ते मला माहीत नाही. रोज सकाळी टीना माझी नाडी मोजते, मी तिची. आकडे वहीत लिहितो. अकराव्या पायरीवर ती थांबली की आता मीही थांबतो.

छापील कार्डांचा गठ्ठा समोर आहे. एक तुझ्यासाठी काढून घेतलं आणि तासभर झाला, त्यावर पत्ता घालता येईना. कारण पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की श्रेयांसला त्रास असता तर त्यानं बापाला सांगितलं असतं.

त्यानं सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी, दुपारी. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. तो गादीला टेकून बसला होता. म्हणाला, "बाबूजी, छाती दडपल्यावानी होऊन राह्यली. सोडू का?" बँड ठरला होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मिरवणुकीनंतरचं माझं भाषण तयार होतं, आणि चांगलं झालं होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि एक वाक्य बोललो. फार सुंदर वाक्य होतं, त्रिशला. देहाचं आणि आत्म्याचं. ते ऐकून तो हसला, सरळ बसला, आणि पुन्हा काही बोलला नाही.

तेच वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आहे. वैजयंतीनं वाचायला लावलं तेव्हा मी त्याच्यावरच अडलो होतो. तिला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टाकलं की पुण्याला निघताना स्टेशनवर सांगणार आहे, म्हणजे तिला वाटलं तर मला फलाटावर सोडून जाता येईल.

तू म्हणालीस, लिहा. लिहिलं.

सोबत कार्ड ठेवतो. दरवर्षीचंच आहे, तोच मजकूर, फक्त त्यातला 'अजाणतेपणी' हा शब्द मी पेनानं खोडला आहे.

इंदरचंद